सुईच्या वेळची भाकरी

श्रावूच्या पाठीत पहिल्यांदा सुई गेली तेव्हा खोलीत बासरी वाजत होती. मुलांच्या डॉक्टर मॅडमनी मुद्दाम लावलेली, त्यांच्याच मोबाईलवर. मागं पाण्याची झुळझुळ, मधूनच एखादं पाखरू. ऐकायला लई गोड. आणि माझी सहा वर्षांची पोरगी त्या पाखरावर कडी करत किंचाळत होती.

मी सुनंदा. सोलापुरात राहते, घरी ज्वारीच्या भाकरी करून दुकानांना आणि खानावळींना देते. कडक भाकरी जास्त. श्रावूचे पप्पा कुर्डुवाडीला रेल्वेत आहेत, रोज गाडीनं जाऊन येऊन करतात. श्रावस्ती आमची एकुलती एक. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. आता ती बरी आहे, औषधं थांबलीत, अधूनमधून तपासणीला जावं लागतं तेवढंच. हे आधीच सांगून टाकते. त्या दिवसांत कुणी मला असल्या आजाराची गोष्ट सांगायला लागलं की मी मधेच तोडून विचारायची, "लेकरू हाय न्हवं?" तेवढं कळल्याशिवाय पुढचं काही डोक्यात शिरायचंच नाही.

औषधांचं मी काही लिहिणार नाही, ते आपापल्या डॉक्टरांना विचारा. मी आवाजाबद्दल लिहिणार आहे. मला लहानपणापासून 'का' विचारायची खोड. आई वैतागून म्हणायची, हिला जेवायला नको, नुसते प्रश्न वाढा. आजारपणात ही खोड जाईल असं वाटलं होतं, पण ती उलट वाढली. रडून रडून डोळे सुजले की मग माणूस विचारच करत बसतो ना, दुसरं करणार काय?

पंखा

श्रावू शाळेतून आली की आडवी व्हायची. ताप उतरायचा नि परत यायचा. पायांवर निळे डाग दिसायला लागले तेव्हा आम्हाला वाटलं, खेळताना लागलं असेल. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, आणि तिथून आम्हाला मोठ्या दवाखान्यात मॅडमकडं पाठवलं.

मॅडमनी आम्हा दोघांना बसवलं आणि उठून दार लावलं. त्या हळूहळू समजावून सांगत होत्या आणि मला फक्त वरच्या पंख्याची कटकट ऐकू येत होती. कट, कट, कट. मी विचारलं, "मॅडम, पंख्यात कायतरी अडकलंय का?" ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की ही बाई गेली कामातून. पण मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी मान वर करून पंख्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हो, बरेच दिवस झाले. मी परत पहिल्यापासून सांगू का?" त्या एका वाक्यासाठी मी त्या बाईंना जन्मभर विसरणार नाही. अशा वेळी एकदा सांगितलेलं कुणालाच ऐकू येत नसतं.

गावाकडनं, केमहून सासूबाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, की घरात दिवसभर चुलीचा धूर, त्यानंच पोरीला बाधलं. त्या वाईट बोलल्या नाहीत, घाबरून बोलल्या, पण ते मला असं लागलं की आठवडाभर पिठात हात घालवेना. शेवटी मी मॅडमना विचारलंच. त्या म्हणाल्या, ह्यात कुणाची चूक नाही, ना धुराची, ना भाकरीची, ना आईची. मी तेच वाक्य घरी जाऊन सासूबाईंना ऐकवलं, आणि पंधरा मिनिटांत आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होतो.

सुई आधी ऐकू येते

दवाखान्यात राहायला लागल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मुलं सुई बघून रडत नाहीत. त्याच्या आधीच रडतात. स्टीलचा ट्रे ठेवल्याचा आवाज, हातमोजा ओढल्याची चट्ट, पाकीट फाडल्याची फर्र. कॉटवरची पोरं डोळे मिटून असली तरी ट्रे वाजला की अख्खा वॉर्ड सावध व्हायचा. मी कविता सिस्टरना हे बोलून दाखवलं. त्या आमच्या वॉर्डच्या, बोलायला तिखट पण हाताला हलक्या. त्या म्हणाल्या, "मग काय ट्रे उशीवर ठेवू?" आणि दुसऱ्या दिवशी बघते तर ट्रेखाली खरंच टॉवेल घातलेला.

हातातली सुई श्रावूनं सोसली, पण पाठीतली वेगळी. त्यासाठी एका कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, हनुवटी छातीला लावायची आणि अजिबात हलायचं नाही. तेवढा भाग बधिर करतात, तरी भीती काही बधिर होत नाही. मी समोरून तिला धरून ठेवायची. दुसऱ्या कुणाला ती धरू द्यायची नाही. आणि श्रावूचे पप्पा बाहेर, पडद्याच्या पलीकडं. रुळावर माणूस कापलेला ज्यांनी बघितलाय, त्यांना पोरीच्या पाठीतली सुई बघवत नव्हती. मी त्यावरून टोमणे मारायची. ते ऐकून घ्यायचे आणि बाहेरच थांबायचे.

मॅडमचं म्हणणं होतं, की शांत आवाज कानावर असला तर मुलांची भीती कमी होते आणि दुखणंही कमी जाणवतं. ते खोटं नव्हतं. शेजारच्या कॉटवर अक्कलकोटकडची एक मुलगी होती, घरात कानडी बोलणारी. त्याच बासरीनं तिचे डोळे जड व्हायचे, सुई कधी गेली नि कधी आली तिला पत्ता नसायचा. मग माझ्याच पोरीला काय धाड भरली? मला ह्या प्रश्नानं पिच्छाच पुरवला.

उत्तर मिळालं ते एका लग्नात. औषधांच्या दोन पाळ्यांच्या मधे आम्हाला घरी सोडलं होतं, नात्यातलं लग्न होतं, गर्दीत नको म्हणून आम्ही नुसतं दारातून तोंड दाखवायला गेलो. हॉलच्या दारात स्पीकरवर बासरी लावलेली. श्रावूनं माझा हात असा घट्ट धरला की बांगडी फुटली. कपाळावर घाम. म्हणाली, "मम्मी, हितं पन सुई देत्यात?"

म्हणजे बासरीनं सुई गोड झाली नव्हती, सुईच बासरीत जाऊन बसली होती.

मॅडमचा प्रश्न

मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, "घरी ती कुठल्या आवाजात झोपते?" मी म्हणलं, कसला आवाज, आमच्याकडं टीव्हीसुद्धा लावत नाही. तेवढ्यात हे म्हणाले, "भाकरीच्या."

मी चाटच पडले. बरोबर होतं त्यांचं. पहाटे माझं काम सुरू होतं तेव्हा श्रावू माझ्या पाठीमागं झोपलेली असते. पाळण्यात होती तेव्हापासून. मी थापतच असते, म्हणून मला तो आवाज ऐकू येत नाही, इतकंच.

पण मी लगेच नाही म्हणून टाकलं. बासरीचं काय झालं ते मी बघितलं होतं. बासरी लग्नात वाजते, ती टाळता येते. भाकरीची थाप आमच्या घरात दिवसभर चालते, आमचं पोट तिच्यावर, आणि पोरीची झोपही तिच्यावर. तिच्यात जर सुई जाऊन बसली, तर लेकरानं निजायचं कुठं? दवाखान्यातनं घरी आणून मी तिला काय दिलं असतं?

मॅडमनी जबरदस्ती केली नाही. पण पुढच्या वेळी श्रावू इतकी उसळली की दोनदा टोचावं लागलं. त्या रडण्यानंतर मी घरी आले, मोबाईल काटवटीला, भाकरी थापायच्या लाकडी परातीला, टेकवून ठेवला आणि तीन भाकरी रेकॉर्ड केल्या. बांगड्यांसकट.

न संपणारी भाकरी

ते रेकॉर्डिंग लावलं आणि श्रावू हलली नाही. रडली, पण हलली नाही. मॅडमनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी घरी जाऊन सासूबाईंना, शेजारणींना, दुकानदाराला, सगळ्यांना सांगितलं. काय तो माझा तोरा.

आता श्रावूच्या पप्पांना वाटलं, आपणही काहीतरी करावं. माणूस आत येऊ शकत नव्हता ना, त्याची खंत त्यांना पोखरत होती. येता-जाता गाडीत बसून त्यांनी मोबाईलवर ते रेकॉर्डिंग साफ केलं. मधे मी भाकरी तव्यावर टाकायची तेव्हाची शांतता काढली, पाणी फिरवलं की चुर्र होतं ते काढलं, सासूबाईंचा खोकला काढला, बांगड्यासुद्धा पुसट केल्या. नुसती थाप, एकाला एक जोडलेली, कुठं खंड नाही. अर्धा तास वाजेल अशी केली, म्हणजे सुईला वेळ लागला तरी आवाज बंद पडायला नको. जुनं रेकॉर्डिंग पुसून ह्यांनी नवीनच ठेवलं. मलाही वाटलं, छान केलं की.

पुढच्या वेळी ते लावलं, आणि सुई पाठीत असताना श्रावू ओरडायला लागली. "बंद करा, बंद करा." आणि वळवळली. मॅडमनी सुई काढून घेतली. त्या दिवशी इंजेक्शन झालंच नाही.

बाहेर आल्यावर मॅडमनी स्पष्ट सांगितलं. पाठीतलं औषध चुकवून चालणार नाही, आजार डोक्यात जाऊ नये म्हणून ते असतं. आणि असं हलणं धोक्याचं आहे. पुढच्या वेळीही असंच झालं, तर दरवेळी पुण्याला नेऊन भूल देऊन करावं लागेल. आधीच अशक्त झालेलं पोर, दर खेपेला उपाशीपोटी गाडीत घालून न्यायचं, तिथं थांबायचं, परत आणायचं. श्रावूचे पप्पा भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना एवढंच म्हणाले, की चांगल्याला हात लावायची काय गरज होती? दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी मी भाकरी करत होते, श्रावू माझ्या मागं टॉवेल पांघरून बसलेली. केस गेलेलं ते एवढंसं डोकं. म्हणाली, "मम्मी, ती भाकरी कुनाची हुती?"

"कुटली गं?"

"मोबाईलमदली. ती संपतच न्हवती."

मी तिला बोलतं केलं. तिनं सांगितलं ते असं: भाकरी जाड असते तेव्हा धप्प वाजते. पातळ होत जाते तसा आवाज बदलतो. मग बांगड्या वाजतात, म्हणजे मम्मीनं उचलली. मग गप्प, मग चुर्र. झाली. पहिल्या वेळी तिनं मनाशी ठरवलं होतं, तीन भाकरी झाल्या की सुई झाली. आणि ह्या वेळी तीच एक जाड भाकरी, थापते आहे, थापते आहे, पातळच होईना. "मला वाटलं, आता सुई कदीच निगनार न्हाय."

जन्म गेला माझा भाकरी थापण्यात, पण भाकरी कानानं बघता येते हे मला माहीत नव्हतं. मी डोळे मिटून थापून बघितली. खरंच की! पहिल्यांदा दबका, मग मोकळा, शेवटी शेवटी हलका. बासरी कुठनं सुरू होते नि कुठं संपते ते पोराला कळत नाही. भाकरीला शेवट असतो.

मी म्हणलं, परत नीट रेकॉर्डिंग करते. पण श्रावूचा मोबाईलवरचा विश्वास उडाला होता. तिला खरी भाकरी पाहिजे होती. मी म्हणलं, अगं मी तुला धरू का भाकरी करू? तिनं सहज सांगितलं, "पप्पा बाहेरच असत्यात की. ते थापतील."

काटवट

आमच्या घरात, किंवा सासूबाईंच्या घरात, कुठल्याही पुरुषानं भाकरी थापल्याचं कुणाला आठवत नाही. सासूबाईंनी तर तोंडावर पदरच घेतला. पण श्रावूचे पप्पा काटवटीपुढं मांडी घालून बसले. रुळावर ज्या हातानं अवजड काम करतात त्या हातानं गोळ्याला अशी थाप मारली की पीठ सासूबाईंच्या चष्म्यावर. भाकरीचा नकाशा झाला, मग भोकं पडली, मग ती काटवटीलाच चिकटून बसली. श्रावू मागं बसून शेरे मारत होती: लई वली, मधे जाड, कडेला फाटली. कितीतरी दिवसांनी ती पोट धरून हसली. ह्यांना ते हसू काय वाटलं असेल ते मला माहीत नाही, पण पुढच्या सुईपर्यंत हा माणूस कामावरून आला की रोज भाकरी थापत होता आणि आम्ही सगळे त्या जाडजूड भाकरी गुपचूप खात होतो.

कविता सिस्टरनी आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, पिठाचा कण दाराच्या आत आला तर मी आहे आणि तुम्ही आहात. बाहेर कागद अंथरून दिला त्यांनीच.

तो दिवस आला. श्रावू कुशीवर, गुडघे पोटाशी. माझं कपाळ तिच्या कपाळाला टेकलेलं. मॅडम म्हणाल्या, "बोललीस तर चालेल, हलायचं नाही." पडद्याच्या बाहेर पहिली थाप पडली. दबकी, घाबरलेली.

"पप्पा, जोरात की," श्रावू म्हणाली.

थाप जरा मोठी झाली. मॅडमनी सुई घातली असावी, कारण श्रावूच्या बोटांनी माझा दंड आवळला. पण तिचं लक्ष बाहेरच. थाप फिरत होती, आवाज बदलत होता. मीही कान देऊन ऐकत होते, मधे अजून जाड आहे, आता कडा, आता आलीच. आणि एकदम गप्प. बांगड्यांच्या आणि चुर्रच्या जागी ह्यांनी 'झाली' म्हणायचं ठरलं होतं, तेही नाही. फाटली होती. माझ्या हाताखाली श्रावूची पाठ ताठ व्हायला लागली. मला वाटलं, संपलं, आता पुणं.

तेव्हा ती न हलता, अगदी शांतपणे म्हणाली, "फाटली न्हवं? असू द्या पप्पा. गोळा करा, परत घ्या."

तिची पाठ सैल झाली. बाहेर परत थाप सुरू झाली.

मॅडमनी कापूस दाबला आणि झालं म्हणून सांगितलं. श्रावू सरळ होईना. म्हणाली, थांबा, त्यांची व्हायचीय अजून. मॅडम, सिस्टर, मी, सगळे ती भाकरी होईपर्यंत थांबलो. मग मी बाहेर जाऊन बघते तर ह्यांनी पिठाच्याच हातानं डोळे पुसलेले, तोंड सगळं पांढरं. मी टोमणा मारायला तोंड उघडलं होतं. पण तिथंच त्यांच्या शेजारी खाली बसले आणि रडले.

पुण्याला जावं लागलं नाही. पुढची प्रत्येक पाठीतली सुई पडद्याबाहेरच्या भाकरीवर झाली. वॉर्डातली मुलं ह्यांना भाकरीवाले पप्पा म्हणायला लागली.

का बरं?

हे का जमलं, ह्यावर आमचं आजही एकमत नाही. मी म्हणते, शेवट कळतो म्हणून. मॅडमचं मत, की तिच्या मनाला काम मिळालं, पप्पांच्या चुका काढायचं, आणि काम करणाऱ्या मनाला दुखायला सवड नसते. श्रावूचे पप्पा एकदाच बोलले: आपलं माणूस दाराबाहेर आहे हे तिला ऐकू यायचं. श्रावूला विचारलं तर ती म्हणते, "पप्पांना येतच न्हवतं, म्हनून." सगळंच खरं असेल.

तुमच्या लेकराला भाकरी चालेलच असं नाही. अक्कलकोटच्या त्या मुलीला शेवटपर्यंत बासरीच लागली. तुम्ही तुमच्या घरात एक दिवस गप्प बसून ऐका आणि लेकरालाच विचारा, एवढंच मी सांगेन.

एक धाकधूक मात्र माझ्या मनात राहिलीच होती, बासरीची. औषधं बंद झाली, श्रावूचे केस आले, शाळा सुरू झाली. एके दिवशी पहाटे मी थापायला बसले. ती मागं झोपलेली, उताणी. दोन-चार थापा पडल्या आणि मी सहज वळून बघितलं. झोपेतच ती कुशीवर वळली. गुडघे पोटाशी आले. हनुवटी छातीला लागली. पाठ माझ्याकडं, बरोबर सुईला करतात तशी.

माझा हात जागीच थांबला. बसलीच शेवटी सुई माझ्या भाकरीत, माझ्याच घरात. अर्धी थापलेली भाकरी पुढ्यात आणि मी तशीच बसून राहिले. आता हे काम बंद करायचं, की पोरीला दुसऱ्या खोलीत निजवायचं, काही सुचेना.

मागून झोपेतला आवाज आला. "मम्मी."

"काय गं?"

"थांबलीस का? जाड हाय अजून."

तिनं डोळे उघडले नव्हते. टॉवेल कानापर्यंत ओढून घेतला आणि तशीच, गुडघे पोटाशी घेऊन, गाढ झोपून गेली. मी कोरडं पीठ भुरभुरवलं आणि ती भाकरी पुरी केली.